वाळूची रिकामी पेटी

मित्रांनो, मी एक जुने स्टेशन आहे. जपानच्या उत्तरेला, एका चढाच्या माथ्यावर उभे आहे. माझ्या फाटकाबाहेर पडले की समोरच विद्यापीठ. साठ वर्षांत मी भूकंप पाहिले, संप पाहिले, पण गेल्या वर्षी प्रवेशपरीक्षेच्या सकाळी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

माझ्या फलाटाच्या टोकाला वाळूची लाकडी पेटी आहे. चढावर चाके घसरू लागली की रुळांवर ती वाळू टाकतात. चाकांसारखे आपणही परीक्षेत घसरू नये, म्हणून मुले मूठभर वाळू खिशात ठेवून पेपर लिहितात. आमचे स्टेशनमास्तर त्सुबोई सान स्वतः वाळूच्या पुरचुंड्या बांधून पहिल्या गाडीच्या मुलांना वाटतात. त्यांचे केवढे कौतुक होई, आणि मीही भाव खाऊन घेई.

त्या दिवशी ऐंशी पुरचुंड्या वाटून झाल्या. विद्यापीठाचे दार उघडायला अवकाश होता, म्हणून मुले माझ्या शेगडीभोवती बसली. तेवढ्यात बर्फाने झोडपायला सुरुवात केली आणि परीक्षेच्या मुलांनी भरलेली दुसरी गाडी चढावर अडकली. चालकाचा फोन आला.

"मास्तर, चाकं जागच्या जागी फिरताहेत. माझी वाळू संपली. तुमची घेऊन या लवकर."

त्सुबोई सान धावले, पेटीचे झाकण उघडले आणि तसेच थिजले. तळाशी नुसती ओल होती. सगळी वाळू पुरचुंड्यांत गेली होती. मी मुळापासून हादरले. साठ वर्षांत मलाही कधी आत डोकावायचे सुचले नव्हते.

त्यांनी टोपी काढली आणि मुलांसमोर कमरेत वाकले.

"चूक माझी आहे. दिलेलं परत मागतोय. पुरचुंड्या द्या."

मुलांनी खिसे घट्ट धरले. मग मुत्सुकी नावाची मुलगी बोलली.

"म्हणजे आमच्याच वाळूवरून त्यांना वर आणायचं, आमच्या जागा घ्यायला? मास्तर, माझी ही तिसरी खेप आहे."

"ठाऊक आहे, पोरी. तिन्ही खेपांना मीच दिलीय." त्यांनी मान वर केली नाही.

मुत्सुकीने खिडकीतून खाली पाहिले. गाडीतली मुले काचा पुसून वर बघत होती. तिने पुरचुंडी मास्तरांच्या टोपीत टाकली.

"निदान माझ्या मागच्या बाकांवर बसवा त्यांना," ती पुटपुटली.

मग एकेक पुरचुंडी पडत गेली. एकमेकांपासून वह्या झाकणारी हीच ती मुले, माझा विश्वासच बसेना. ऐंशी मुठी रुळांवर पडल्या आणि गाडी वर आली. परीक्षेला नऊ मिनिटे उरली होती.

मार्चमध्ये निकाल लागला. मुत्सुकीचे नाव नव्हते. तिची जागा कुणी घेतली मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मला माझ्या चढाचाच राग आला.

आज सकाळी ती पहिल्या गाडीने पुन्हा आली. पाठीवर गावच्या किनाऱ्यावरच्या वाळूचे पोते होते. सरळ पेटीपाशी जाऊन तिने ते रिकामे केले.

"आधी ही भरा, मग वाटा."

त्सुबोई सान यांनी पुरचुंडी पुढे केली.

"मला नको. तीनदा घेऊन बघितली की," ती हसून म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

मित्रांनो, माझ्याकडची वाळू जरूर न्या. फक्त नेण्याआधी आत किती उरली आहे ते बघत जा, कारण मला ते साठ वर्षांत जमले नाही, आणि मास्तरांनाही नाही. बाहेर पुन्हा बर्फ पडतो आहे. दुसरी गाडी न घसरता वर आली. मुत्सुकी समोर पेपर लिहिते आहे, आणि तिच्या खिशात काही नाही.