आश्विनात उगवलेला सूड

नाकाला रुमाल लावलात? लावा. मी सातवीण बोलतेय, खराडीतल्या एका सोसायटीच्या फाटकाशी उभी असलेली. वर्षाचे अकरा महिने तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. आश्विनात माझी हिरवट-पांढरी फुलं उमलली, की मात्र सगळ्यांना मी आठवते. "कसला हा उग्र वास!" म्हणे. शरदाचं चांदणं चालतं, मसाला दूध चालतं, गरबा चालतो. मी तेवढी खुपते.

मला बिल्डरने लावलं, ते काही प्रेमाखातर नव्हे. मी झटपट वाढते, गुरं मला तोंड लावत नाहीत आणि पाणी घातलं नाही तरी मरत नाही. फ्लॅट बघायला येणाऱ्यांना फाटकाशी काहीतरी हिरवं दिसायला हवं होतं, एवढंच. फ्लॅट विकले गेले आणि माळीही गेला.

मग माणसं राहायला आली. यांची भक्ती काय वर्णावी! देवाच्या फोटोची काच तडकली, की तो आणून माझ्या बुंध्याशी ठेवायचा. 'टाकला' म्हणायचं नाही हं, 'ठेवला'. पितृपंधरवड्यात माझ्या फांदीवरच्या कावळ्याला हात जोडून आळवायचं, आणि पंधरवडा संपला, की त्याच कावळ्याने गाडी घाण केली म्हणून माझी फांदी छाटायची.

त्या काचा उचलायचे एकटे अल्लाबक्षचाचा, दुसऱ्या मजल्यावरचे. कॅम्पात त्यांचं बुक बाइंडिंगचं दुकान होतं, आता मुलाकडे राहतात. "पोरांच्या पायात जातील," असं पुटपुटत काचा वेचायचे आणि देवांचे फोटो पुसून कट्ट्यावर नीट उभे करून ठेवायचे. जाताना बाटलीतलं पाणी मला घालायचे. अख्ख्या सोसायटीत माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

आणि माझा वैरी सलिल. सोसायटीचा चेअरमन. महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागल्यापासून त्याला नगरसेवक व्हायचंय. नवरात्राच्या शुभेच्छांचा फ्लेक्स त्याने माझ्या अंगात खिळे ठोकून लावला. देवी कोपऱ्यात एवढीशी, आणि मधोमध हा! माझ्या एका फांदीने त्याचा चेहरा झाकला, तर म्हणे झाडच तोडून टाकू. वासाचं निमित्त होतंच. अर्ज तयार झाला. नंतर कुणी कुरकुर करून मतं बिघडवू नयेत, म्हणून त्याला प्रत्येक घराची सही हवी होती. सगळ्यांनी केली, फक्त चाचांनी नाही.

"अहो चाचा, तुमचीच नात खोकते ना रोज?" सलिल म्हणाला.

"मिसबाचा खोकला समोरच्या बांधकामाच्या धुळीचा आहे."

"डॉक्टर तर म्हणाले, या फुलांचा."

"डॉक्टर म्हणतील. झाडाने कधी कुणी आजारी पडतं का? सही मिळणार नाही. चहा घ्या आणि निघा."

त्याच दिवशी मी ठरवलं, याला धडा शिकवायचा. रविवारी संध्याकाळी त्याची सभा होती, माझ्याच खाली. मी कळ्या अडवून धरल्या. शुक्रवार गेला, शनिवार गेला, एक म्हणून उमलू दिली नाही. बोल बाबा, म्हटलं, तू फक्त बोलायला लाग.

"बंधू-भगिनींनो, हरित खराडी हे माझं..." हरित! मेल्या, माझ्या अंगात खिळे ठोकून हरित? मी सगळ्या कळ्या एकदम सोडल्या. "हरित ख... आक् छी!" लोक हसले. तो शिंकतोय, नाक पुसतोय, पुन्हा शिंकतोय. उल्काकाकू पदर नाकाला लावून उठल्या, तशी पहिली रांगच उठली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! उरलंसुरलं सगळं मी त्याच्या डोक्यावर ओतलं.

तेवढ्यात चाचांचा आवाज आला. "मिसबा! ए मिसबा!"

सभेला आईस्क्रीम होतं, म्हणून ते नातीला घेऊन खाली आले होते. सात वर्षांची पोर. खुर्चीत वाकून बसली होती, छाती भात्यासारखी चालली होती, पण श्वास काही आत जाईना. ओठ निळे पडत चालले. चाचा नुसते तिची पाठ चोळत राहिले. धावला तो सलिल. माईक टाकून त्याने पोरीला उचललं, प्रचाराच्या गाडीत घातलं, चाचांना शेजारी बसवलं आणि शिंकत शिंकतच गाडी फाटकाबाहेर काढली. मी ते बघितलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी फुलं मिटायचा प्रयत्न केला. खूप केला. एकही मिटलं नाही.

चौथ्या दिवशी मिसबा घरी आली. तोंड एवढंसं झालं होतं. त्याच दुपारी चाचा खाली उतरले आणि त्यांनी सलिलकडे अर्ज मागितला.

"घाई नाही चाचा. पोरगी बरी होऊ दे आधी." खरंच असं म्हणाला तो मेला!

"मला घाई आहे. पेन द्या."

टेकवायला दुसरं काही नव्हतं. चाचांनी कागद माझ्याच बुंध्यावर धरला आणि सही केली. पेन इतकं दाबलं, की त्याचं टोक कागदातून माझ्या सालीत रुतलं. मग सलिल गेल्यावर माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चूक माझी आहे. डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं."

अहो चाचा, चूक तुमची नव्हती. पण तुम्हाला ते मी कसं सांगू?

परवा महापालिकेचा माणूस येऊन माझं माप घेऊन गेला. आठवड्याभरात करवत येईल. सलिलला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही, भले त्याने पोरीला वाचवलं असेल. पुढच्या आश्विनात मी असते, तर पुन्हा त्याच्याच डोक्यावर फुलले असते.

मिसबा, पोरी, तोवर तू तुझी खिडकी घट्ट लावून घे. शेंड्याकडे अजून बऱ्याच कळ्या आहेत, आणि त्या आता माझं ऐकत नाहीत.