वकीलसाहेबांची स्टेपनी

अनंतराव वकिलांच्या मोटारीला पाच चाकं होती. दसऱ्याला पाचही चाकांना हळदीकुंकू लागायचं, हवा मात्र चारांतच असायची. पाचवं चाक म्हणजे स्टेपनी. ती मोटारीच्या पाठीवर नुसती मिरवायला. आदिलाबादच्या उन्हात फुगवलेली ट्यूब बसल्या जागी फुटते, असं कोण्या शहाण्यानं वकीलसाहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. रबर नवं, तेव्हा तिच्यातली हवा सोडून ठेवायचा हुकूम. मी त्यांचा ड्रायव्हर, डोमाजी. रोज सकाळी चाकांवर अंगठा दाबून पाहणारा माणूस. पण मोटार त्यांची आणि अक्कलही त्यांचीच.

चोपन्नचा मे महिना. निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं होत आली होती. कोणता मुलूख कोणत्या राज्यात घालायचा, हे ठरवणारे साहेब लोक निर्मलच्या डाकबंगल्यात येणार होते. एकच दिवस, तोही दुपारी तीनपर्यंत. आमचा मुलूख मराठी राज्यात घाला, असा आम्हा मराठी बोलणाऱ्यांचा अर्ज वकीलसाहेब देणार होते, कारण त्यांना इंग्रजी येत होतं. बाकी त्यांनी काय केलं, ते अजून मला सापडलेलं नाही.

केलं ते नागोरावनं. बेला गावाकडचा कापूस-ज्वारी करणारा माणूस. दोन महिने बावीस गावं पायी फिरला आणि लोकांचे अंगठे कागदांवर उमटवून आणले. दुसऱ्यांचे अंगठे शाईत दाबता दाबता त्याचा स्वतःचा अंगठा निळा पडला होता.

"माह्या बापानं उर्दू कागदावर अंगठा लावला न् वावर गेलं," तो सांगायचा. "त्यात काय लिवलं होतं, मरेपर्यंत समजलं नाही त्याले. आता माह्या पोराईनं तेलुगू कागदावर लावाव काय?"

निघायच्या सकाळी मी म्हटलं, "वकीलसाहेब, आज लांब जायचं आहे. स्टेपनीत हवा भरून घेतो."

"उन्हाचा तवा झालाय बाहेर. नवी ट्यूब फोडतोस का?"

"मग पंप तरी सोबत..."

"पंप काढून ठेव. तिथं हारांची टोपली बसेल. साहेबांच्या गळ्यात काय तुझा पंप घालू?"

मी पंप काढून ठेवला. नागोराव कागदांचं गाठोडं मांडीवर घेऊन मागं बसला आणि हळूच म्हणाला, "डोमाजीभाऊ, सारं ठीक हाय ना?"

"हाव," मी म्हटलं.

हे "हाव" माझं आहे. ते मी कोणाच्या माथी मारत नाही.

निर्मलच्या घाटात, अकराच्या सुमाराला, मागचं चाक बसलं. बैलाच्या नालेचा खिळा घुसला होता. मी जॅक लावला. नागोरावनं उत्साहानं स्टेपनी उतरवली आणि तिच्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"यात तं जीवच नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडं पाहू लागला.

मी वकीलसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी रुमालानं मान पुसली. "डोमाजी, काय हा प्रकार? आजच्या दिवशी तरी नीट काम करायचं!"

मी गप्प राहिलो. घरी बायको बयनाबाई आणि तीन खाणारी पोरं होती.

"कागद द्या इकडं," नागोराव म्हणाला. गाठोडं वकीलसाहेबांनी आता आपल्या बगलेत घेतलं होतं. "मी पायी जातो. उताराचा रस्ता हाय, धावत जाईन."

"अर्ज माझ्या नावानं आहे. तो मीच द्यायला पाहिजे. कायद्याची रीत तुला काय समजते? येईल एखादी लॉरी."

दीड तास लॉरी आली नाही. सागवान भरलेली एक बैलबंडी आली, तीही उलट दिशेची. वकीलसाहेब सावलीत हारांच्या टोपलीवर पाणी शिंपडत बसले. शेवटी नागोरावनं त्यांच्या बगलेतलं गाठोडं ओढून घेतलं आणि तो पळत सुटला. वकीलसाहेब ओरडले, "अरे, अडाणी आहेस का!" तो वळला नाही.

चार वाजून गेल्यावर तो डाकबंगल्यात पोचला. खुर्च्या उचलणं चाललं होतं. चौकीदार म्हणाला, "सब लोग चले गए, भाई. वक्त पे आना था." नागोराव गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन परत बेल्याला गेला. हार आम्ही घाटात टाकले, ते माकडांनी खाल्ले.

त्या आठवड्यात आदिलाबादेत सभा झाली. ड्रायव्हरच्या हलगर्जीपणानं घात झाला, असं वकीलसाहेब भरल्या गळ्यानं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नोकरी गेली. एकदा बोलून गप्प बसलो, ते नोकरी राखायला. तीही राहिली नाही.

मग मी बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. छप्पन्नला राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या. किनवट तिकडं मराठी मुलखात गेलं, राजुरा तिकडं गेलं, बेला इकडंच तेलुगू राज्यात राहिलं. आमचे कागद पोचले असते तर फरक पडला असता की नाही, कोण जाणे. पण ते वाचून कोणी 'नाही' म्हटलं, असंही झालं नाही. कोणी पाहिलेच नाहीत.

नव्या राज्यात अनंतरावांना सरकारी वकिली मिळाली. ती घ्यायला हैदराबादला निघाले, तेव्हा मोटार माझ्याच दुकानापुढं थांबली. नवा ड्रायव्हर उतरला. त्याच दिवशी नागोराव बाजाराला आलेला, माझ्या बाकड्यावर बसलेला.

"स्टेपनी बघून दे रे," वकीलसाहेब आतूनच म्हणाले. "लांबचा पल्ला आहे."

मी पाहिलं. स्टेपनी टणक भरलेली होती. मागच्या कप्प्यात पंप होता, जास्तीची एक ट्यूबही होती. हारांची टोपली नव्हती.

"उन्हानं फुटत नाही काय आता, वकीलसाहेब?" मी मोठ्यानं विचारलं. बाजार ऐकत होता. "का तवा फक्त बेल्याच्या कामालेच तापते? त्या दिवशी हवा सोडायचा हुकूम कोणाचा होता, सांगा या नागोरावले! पंप कोणी काढाले लावला, सांगा!"

त्यांनी काच वर केली.

नागोराव उठला. मोटारीच्या मागं गेला. स्टेपनीवर अंगठा ठेवून सारा जोर लावला. अंगठा आत गेला नाही.

"आज भरली हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "न् त्या दिवशी तुले ठाऊक होतं."

"हाव," मी म्हटलं.

तो बाकड्यावरची पिशवी उचलून चालता झाला. त्यानंतर कधी माझ्या दुकानात बसला नाही.