पाचवा वन्स मोअर

रविवारी सकाळी सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या त्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल दुसऱ्या कुणी धरलेलं असलं, तर गुरुबसप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि नाटकाबद्दल बोलायला लागायचा. आजवर दहा मिनिटांच्या वर कुणी टिकलं नव्हतं. टेबल मोकळं झालं की मग राजेसाब आणि वैजयंतीबाई यायचे, चहा यायचा आणि तिघांची बैठक बसायची.

गुरुबसप्पाचं वय एकाहत्तर. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आता त्याचा मुलगा शिवराज मोबाइलची कव्हरं विकतो. राजेसाब नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा. कंपनी मोडली, ऑर्गन गेला, पण चहाची वाट बघताना बोटं अजून टेबलावर चालायची. वैजयंतीबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. या दोघांचं काही चुकलं की त्या अजून वहीवर लाल खूण करावी तशा भुवया उचलायच्या.

त्या रविवारी विषय होता चरित्रपटांचा. आदल्या दिवशी तिघांनी एक बघितला होता आणि तिघांनाही तो आवडला नव्हता, पण तिघांची कारणं वेगळी.

"पाच वर्षांचं पोर," वैजयंतीबाई म्हणाल्या, "आणि ते आत्तापासूनच लांब कुठंतरी बघतंय. मोठा माणूस होणार हे त्याला आधीच ठाऊक! एकदा तरी नाक पुसू द्या की त्याला."

"आन् आपल्या संगीत नाटकात?" गुरुबसप्पा म्हणाला. "राजा मरायला टेकलाय, तरी उठून बसतो, पद म्हनतो, लोकांनी मागितलं तर परत म्हनतो, आन् मग मरतो. ते बरं चालतं तुमाला!"

"चालतं. कारण ते खरं घडलं असं तिथं कुणी सांगत नाही. सिनेमावाले पहिल्याच पाटीवर लिहितात, सत्यकथा. मग मला प्रश्न पडतो की कुणाचं सत्य?"

गुरुबसप्पाला हे पटलं नाही. खरं म्हणजे त्याला कळलंच नाही, पण बाईंसमोर तो तसं कधी दाखवत नसे. त्यानं भज्यांची बशी पुढं ओढली, आणि तेवढ्यात राजेसाबची नात माहेनूर आत आली.

माहेनूर पुण्यात सिनेमावाल्यांकडे कामाला होती. पटकथा लिहिणाऱ्यांना माहिती गोळा करून द्यायची, माणसं शोधायची, जुनी छायाचित्रं मिळवायची, असलं तिचं काम. ती बसली, आजोबांच्या बशीतला चहा प्यायली आणि म्हणाली, "गुरुअण्णा, मुक्ताबाई बोरामणीकरांवर सिनेमा होतोय. आणि शेवटचा प्रसंग तुमचा आहे."

गुरुबसप्पाचा हात बशीतच राहिला.

मुक्ताबाई बोरामणीकर. संगीत रंगभूमीच्या उतरत्या काळात जिच्या एका पदासाठी सोलापूरकर पुन्हा तिकिटं काढायचे, ती बाई. आणि त्या पदाच्या नाटकाचा एक्क्याऐंशी सालचा तो रविवारचा दुपारचा प्रयोग. तो किस्सा गुरुबसप्पानं चव्वेचाळीस वर्षांत किती वेळा सांगितला असेल याला गणती नव्हती. लग्नात सांगितला होता, मुंजीत सांगितला होता, बँकेच्या रांगेत सांगितला होता. त्याच्या बायकोनं तर तो तोंडपाठ करून, तो सांगायला लागला की ओठ हलवायला सुरुवात केली होती.

"सांगा ना अण्णा," माहेनूरनं मोबाइल टेबलावर ठेवला. "पहिल्यापासून. मी रेकॉर्ड करते."

गुरुबसप्पानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं. रेकॉर्डिंग फक्त आवाजाचं होतं, तरी लावलं.

"तिसऱ्या रांगेत बसलो हुतो मी. सत्तावीस वर्षांचा. पद झालं, वन्स मोअर. परत झालं, परत वन्स मोअर. तिसरा पन झाला. चौथ्याला बाईंनी सुरुवात केली आन् माझ्या कानाला खटकलं. पट्टी उतरली हुती! बाईंची पट्टी काळी चार, आन् ह्या राजेसाबचा ऑर्गन वाजतोय पांढरी पाचात. अर्धाच सूर खाली. थेटरात हजार मान्सं, कुनाच्या बापाला कळलं न्हाई. मी उठून हुबा राहिलो आन् वरडलो, 'पट्टी उतरवू नका! मूळ पट्टीत होऊ द्या!' सगळं थेटर माझ्याकडं बघाय लागलं. बाई थांबल्या. माझ्याकडं बघितलं. आन् ऑर्गनला खूण केली की काळी चार. मग जे गायल्या, जे गायल्या! मी पाचवा मागितला. पाचव्याला वरच्या सा पाशी आल्या आन् नुसत्या हुब्या राहिल्या, डोळ्यांतनं पानी. भरून आलं हुतं वो त्यांना. अख्खं थेटर रडलं."

"आणि चार महिन्यांत त्यांनी रंगभूमी सोडली," माहेनूर म्हणाली. "कीर्तीच्या शिखरावर असताना. आमचा सिनेमा तिथंच संपतो, त्या आनंदाश्रूंवर."

"व्हय. त्याच्या वर काय उरलं हुतं मिळवायला?" गुरुबसप्पा म्हणाला.

किस्सा चांगला रंगला होता. वैजयंतीबाईंच्या भुवयासुद्धा जागेवर होत्या. फक्त राजेसाब मध्येच उठून हात धुवायला गेला होता आणि दोन भज्यांचे हात धुवायला त्याला पाच मिनिटं लागली. आल्यावर तो गुरुबसप्पाकडं न बघता बसला.

मुक्ताबाई अजून होत्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या. श्रीपूरला भाच्याकडं राहत होत्या. तो तिथल्या साखर कारखान्यात होता. सिनेमाला त्यांनी अजून होकार दिला नव्हता. भेटायला या, एवढंच कळवलं होतं. "आणि त्यांनी विचारलंय," माहेनूर म्हणाली, "तिसऱ्या रांगेतला तो माणूस हयात आहे का. असेल तर त्याला घेऊन ये."

गुरुबसप्पा त्या दिवशी घरी कसा गेला ते त्याला कळलं नाही. वाटेत त्यानं बाईंना द्यायला शाल घेतली. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी तिनं ओठ हलवले नाहीत, नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहेनूर आणि राजेसाबबरोबर निघायचं होतं. गाडीच्या तासभर आधी राजेसाब एकटाच दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "अप्पा, एक सांगायचंय. लई वर्षं झाली, सांगितलं न्हाई. आता तिथं जाऊन तू तोंडघशी पडशील म्हनून सांगतो."

"सांग की."

"ती पट्टी मी उतरवली, ते मला वाटलं म्हनून न्हाई. तिसऱ्यानंतर बाई नमस्काराला वाकल्या, तवा हळूच मला म्हनाल्या, 'राजेसाब, गळा ओढतोय. अर्धा सूर खाली घ्या.' आठवडाभर त्यांचा घसा बसला हुता. मी घेतला. कुनाला कळनार न्हाई, असं वाटलं."

गुरुबसप्पानं काउंटरवरचं मोबाइलचं एक कव्हर उचलून हातात घेतलं.

"पाचव्याला रडल्या न्हाईत त्या. आवाज गेला हुता. गळ्यात आत रक्त साकळलं. डॉक्टर म्हनाला, बोलूसुदिक नका. चार महिने वाट बघितली, वरचा आवाज परत आलाच न्हाई. मग मालकानं पेपरात छापून आनलं, बाईंनी स्वखुशीनं निवृत्ती घेतली म्हनून."

"चव्वेचाळीस वर्षं," गुरुबसप्पा म्हणाला, "दर रविवारी माझ्यासमोर बसून चहा पीत हुतास तू. मी तो किस्सा सांगत हुतो, आन् तू ऐकत हुतास."

"मग काय करू? तुझ्याकडं दुसरं काय हुतं रे सांगायला?"

हे राजेसाब मायेनं बोलला आणि तेच फार लागलं. कारण ते खरं होतं. दुकान चाललं, संसार झाला, पोरं शिकली, ते सगळ्यांचंच होतं. हजार माणसांत एकट्याला ऐकू आलं, हे फक्त त्याचं होतं. गुरुबसप्पाला राजेसाबचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, मग परत राग आला. येत नाही म्हणून सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण बाईंनी बोलावलं होतं. शिव्या द्यायला बोलावलं असलं तरी त्यांचा तेवढा हक्क होता. त्यानं शाल दुकानातच ठेवली आणि रिकाम्या हातानं गाडीत बसला.

पंढरपूर मागं पडलं तशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. एरवी गुरुबसप्पा प्रवासभर बोलायचा. आज माहेनूरनं दोनदा विषय काढला आणि दोनदा गप्प बसली. राजेसाब पुढच्या सीटवर बसून बोटं मांडीवर चालवत होता. श्रीपूर जवळ आलं तसा मळीचा वास गाडीत शिरला.

मुक्ताबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण पाठ ताठ होती. राजेसाबला बघून हसल्या. "या, पेटीवाले," म्हणाल्या. आवाज खरखरीत आणि खालचा होता, सुरांचा त्यात मागमूस नव्हता. गुरुबसप्पानं त्यांच्या तोंडून शेवटचं ऐकलं होतं ते पद, आणि आता हे.

"हा कोन?" त्यांनी विचारलं.

"मी तिसऱ्या रांगेतला, बाई," गुरुबसप्पा म्हणाला. "पट्टी उतरवू नका म्हनून वरडलो हुतो, तो मी. मला आज सकाळपतुर म्हाईत नव्हतं तुमच्या गळ्याचं. माफी मागायला तोंड न्हाई, पन मागतो."

"बस," मुक्ताबाई म्हणाल्या. "माफीसाठी न्हाई बोलवलं. मला एक विचारायचं हाय. लई दिवसांचं."

माहेनूरनं मोबाइल काढला होता, तो तिनं परत पर्समध्ये ठेवला.

"चौथा, जो तू मूळ पट्टीत म्हनायला लावलास," मुक्ताबाई म्हणाल्या, "त्यात वरचा सा लागला हुता का?"

मुक्ताबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"मला सोताला ऐकू आलं न्हाई. कानात नुसतं घोंगावत हुतं. नंतर ज्याला विचारलं तो म्हनला, बाई, काय लागला म्हनून सांगू! मालक तेच म्हनला, पेपरवाले तेच म्हनले. ह्या राजेसाबला विचारलं तर हा म्हनला, लागला की. खोटं बोलताना ह्याला ऑर्गनच्या पट्ट्यांकडं बघायची सवय हाय. हजार मान्सांत ज्याला अर्धा सूर खाली गेलेला कळला, असा एकच मानूस हुता. त्यो तू. आता सांग."

गुरुबसप्पानं तो किस्सा इतके वेळा सांगितला होता की त्यातला वरचा सा दर वर्षी थोडा थोडा वर चढत गेला होता. लग्नांत आणि मुंजींत तो केव्हाच नीट लागून गेला होता. आता त्यानं डोळे मिटले, आणि सांगून सांगून गुळगुळीत झालेलं सगळं बाजूला सारून, सत्ताविसाव्या वर्षी कानावर जे पडलं होतं ते शोधायला लागला. त्याला फार शोधावं लागलं नाही. ते तिथंच होतं. त्यानं ते कधी सांगितलं नव्हतं, इतकंच.

"न्हाई लागला, बाई," तो म्हणाला. "थोडक्यात राहिला. केसभर."

राजेसाबनं खाली बघितलं. मुक्ताबाईंनी मान हलवली, एकदाच.

"तुला तवाच कळलं हुतं?"

"व्हय. तवाच."

"मग पाचवा कशाला मागितलास?"

हा प्रश्न सकाळपासून गुरुबसप्पा स्वतःला विचारत होता. दुकानात विचारला होता, गाडीत विचारला होता. दरवेळी कुठलीतरी बरी दिसणारी गोष्ट सापडत होती; लोकांचा आग्रह होता, उत्साह होता, वय होतं. बाईंसमोर त्यातली एकही तोंडातून निघेना.

"वाटलं, एवढाच राहिलाय," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला लागंल."

कारखान्याकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आतून भाच्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली.

"मला बी तसंच वाटलं हुतं रं," मुक्ताबाई म्हणाल्या. "न्हाईतर हात जोडून आत जायला मला कोन अडवत हुतं? तू मागितलास म्हनून न्हाई गायले मी. एवढाच तर राहिला हुता."

गुरुबसप्पा रडला. बायकापोरांसमोर तो कधी रडला नव्हता, आणि इथं तीन माणसांसमोर आणि चहाच्या ट्रेसमोर हुंदके देऊन रडला. मुक्ताबाईंनी त्याला रडू दिलं. मग चहा सगळ्यांच्या हातात गेला.

कप रिकामे झाल्यावर माहेनूरनं भीत भीत विचारलं, "आजी, सिनेमाचं काय सांगू त्यांना?"

"करा म्हनावं."

"त्यांनी शेवट आनंदाश्रूंचा लिहिलाय."

"ते पुसायला लाव. चौथ्याला वरचा सा राहिला हुता, ते लिही. पाचवा आमी दोघांनी मिळून मागितला, ते लिही. आन् एक सांग त्यांना," त्यांनी कप खाली ठेवला, "त्या जागी दुसऱ्या कुना पोरीचा चांगला लागलेला सूर बसवायचा न्हाई. माझा राहिलेलाच ऐकू येऊ दे."