शुक्रीचा पाहुणा

“सरकारी कामाला? नाय साहेब,” शुक्री म्हणाली. “पाहुणा आलता तो माझ्या घरी.”

महसूल खात्याच्या सर्कल साहेबांचं पेन जागच्या जागी थांबलं. साहेब अंगणातल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ही खुर्ची शुक्रीच्या मुलाने, रघ्याने, अशाच माणसांसाठी आणून ठेवली होती. तलाठी आले, लस टोचणाऱ्या बाई आल्या, मतदार याद्या घेऊन मास्तर आले, की ती आतून निघायची आणि ते गेले की पुसून परत आत जायची. घरचं माणूस तिच्यावर कधी बसत नसे. लहान्या कोतवालसुद्धा खालीच बसला होता, ओट्याला पाठ टेकून, डावा पाय पुढे सरळ टाकून. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता. आणि चौकशी चालली होती ती त्या पायाचीच.

साहेबांनी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला. भूकंप झाला त्या दिवशी हा कोतवाल तुमच्या पाड्यावर दवंडी द्यायला आला होता, बरोबर? शुक्रीला हे काही आवडलं नाही. आपल्याच माणसाची उलटतपासणी करतात की काय, असा तिचा चेहरा झाला.

“दवंडी दिली असंल. ती तो सगळीकडंच देतो. पण माझ्या अंगणात आला तो पाहुणाच ना? मी त्याला बसवला, ताडी दिली. एक गलास प्याला, दुसरा भरत होते, तवाच जमीन हलली.”

लहान्याने डोळे मिटून घेतले. ताडीचं कोणी विचारलं होतं का हिला?

“अर्जदाराशी नातं?” साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला.

“माझ्या घरचा हाय तो,” शुक्री ठसक्यात म्हणाली आणि जिथे सांगितलं तिथे अंगठा उठवून मोकळी झाली. आपण लहान्याची बाजू किती छान मांडली, या समाधानात तिने साहेबांसाठी चहा टाकायला सांगितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. निघताना त्यांनी लहान्याला बाजूला घेतलं. म्हणाले, म्हातारी जे बोलली ते मी लिहिलं, त्यात माझं मी काही घालू शकत नाही. कामावर असताना इजा झाली, हे साक्षीदाराच्या तोंडून यायला हवं, आणि ही तर तुला ताडी पाजून बसली आहे. तिला काही वेगळं आठवलं, तर फाइल वर जायच्या आत तिला तलासरीला कचेरीत घेऊन ये. साहेबांची मोटरसायकल उतारावरून दिसेनाशी झाली, तेव्हा रघ्याने नेहमीसारखा लहान्याच्या काखेत हात घालून त्याला घरी जायला उभा केला. खाली बसलेल्या लहान्याला त्या हाताशिवाय उठता येत नसे.

कोतवाल म्हणजे सरकारचा सगळ्यात शेवटचा माणूस. त्याच्या खाली मग नुसती जमीन. नोटिसा वाटायच्या, तलाठ्याचं दप्तर उचलायचं, मोजणीला साखळी धरायची, साहेब येणार असले की पुढे आणि गेले की मागे धावायचं. काम सरकारी, पण पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं. निवृत्ती आहे, पण निवृत्तिवेतन नाही. झरीच्या डोंगरातल्या पाड्यांवर लहान्याने अशी सारी उमर काढली होती, आणि येत्या वर्षी तो घरी बसणार होता.

मागे एका हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडची जमीन महिनोन् महिने हलत राहिली. दिवसाउजेडी मांडणीवरची भांडी खणखणायची, कुत्री उगाच रडायची, माणसं कापलेल्या भातशेतात ताडपत्र्या बांधून निजायची. विटांच्या घरात कोणी थांबू नका, असं पाड्यापाड्यावर जाऊन सांगायचा हुकूम आला. लहान्या थाळी वाजवत फिरत होता. शुक्रीचा पाडा रस्त्यात शेवटचा. ऊन उतरलेलं, पाय दमलेले, पलीकडची दोन-चार घरं तेवढी राहिलेली. शुक्रीने हाक मारली, ये, बस जरा, आणि तो बसला.

कारवीच्या कुडाची घरं त्या वर्षी हलली, डुलली आणि उभी राहिली. पडल्या त्या विटांच्या भिंती. रघ्याने गुजरातेत कंपनीत राबून आणलेल्या कमाईतून त्याच साली घराची एक बाजू विटांची केली होती. सिमेंट कमी, वाळू जास्त, पण पाड्यावर वट मोठी. जमीन हलली तशी अंगणातली शुक्री बाहेर पळायचं सोडून घरात पळाली. आत कणसरीची टोपली होती. कणसरी म्हणजे धान्याची देवी, तिच्या नावाने पुढच्या पेरणीचं बी त्या टोपलीत ठेवतात. देवी आत राहावी आणि आपण बाहेर, हे काही तिला पटेना. लहान्या तिच्यामागे आत घुसला, तिला टोपलीसकट बाहेर ढकललं, आणि रघ्याची ती नवी भिंत त्याच्या पायावर आली.

आता पाहुण्याला आपल्या घरात लागलं, तर ते आपल्याला लागलं, अशी इकडची रीत. शुक्रीने ती मनापासून पाळली. लहान्याच्या शेतातली लावणी तिच्या घरच्यांनी करायची. नवं खायच्या दिवशी, म्हणजे नव्या भाताची पूजा करून पहिला घास घेतात त्या दिवशी, रघ्याने लहान्याला गाडीवर बसवून आणायचं, आणि पहिलं पान त्याचं मांडायचं. एकाही साली हे चुकलं नाही. लहान्याची बायको जिवली चेष्टेने म्हणायची, पाय मोडला पण माहेर मिळालं रे तुला.

आणि आता हे नवीन आलं. आपत्तीच्या कामात अपंग झालेल्यांना जे निवृत्तिवेतन मिळतं, ते आजवर पोलिसांना, अग्निशमनवाल्यांना आणि कायम नोकरीवाल्यांना होतं. ते आता कोतवाल, पंचायतीचा पाणीवाला, अंगणवाडीची मदतनीस, अशा खालच्या माणसांनाही लागू झालं. वेवजीचा कोतवाल काकड्या याने तो हुकूम मोबाइलवर लहान्याला दोनदा वाचून दाखवला. मागे झालेल्या अपघातांनाही धरणार होते. अपंगत्वाचा दाखला होता, दवाखान्याचे कागद होते. राहिली होती ती एका साक्षीदाराची गोष्ट, आणि साक्षीदार एकच, शुक्री.

जिवलीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. मग ती जी सुरू झाली ती चूल विझेपर्यंत. म्हातारी ताडीचं बोलली तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का? पुढच्या वर्षी मानधन बंद झालं की खायचं काय? आपल्या पोराचं, नविनचं, स्वतःचंच चार तोंडांचं घर आहे, तो बिचारा वापीहून काय काय पाठवील? मी आज आहे, उद्या नाही, मग तुला धरून उठवील कोण?

“मान मोठा हाय, मी नाय म्हणत नाय,” शेवटी ती दमून म्हणाली. “पण एक दिस पहिलं पान मांडतात, लहान्या. बाकीच्या दिसांचं काय?”

तरी त्याने चार-पाच दिवस टाळले. कधी गाडी मिळाली नाही, कधी तलाठ्याने बोलावलं, कधी पाय ठणकत होता. अवघड जागेचं दुखणं कोणाला दाखवायचं? काय मागायला जायचंय हे त्याला चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच पाय उचलत नव्हता.

तो गेला तेव्हा शुक्री अंगणात नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, त्याला हाताला धरून ओट्याशी बसवलं. लहान्याने सगळं समजावून सांगितलं. सरकार पाहुण्याला काही देत नाही, कामावरच्याला देतं. तू फक्त एवढं सांग, की मी दवंडीच्या कामाला आलो होतो.

कोंबड्या सुपात तोंड घालत होत्या, शुक्रीने त्यांना हाकललं नाही.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “भिंत पडत होती तवा तू आत आलास, तो कोणासाठी? माझ्यासाठी का सरकारासाठी?”

खरं सांगायचं तर त्या क्षणी लहान्याच्या मनात काहीच नव्हतं. सरकार नव्हतं, नोकरी नव्हती. एक ओळखीची बाई आत गेली म्हणून तो आत गेला होता. पण हे म्हातारीला सांगितलं असतं, तर ती तलासरीला जाऊन अगदी हेच्या हेच सांगणार, याची त्याला पक्की खात्री होती. तिला दोन जागी दोन बोलणं जमायचं नाही. जिवलीचा दमलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला.

“सरकारासाठी, बाय,” तो म्हणाला.

बोलला आणि त्याला लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं नाही, लाज वाटली. शुक्रीने सूप उचललं. “बरं,” ती म्हणाली. “सांगन तसं.” त्याला उठवायला तिने आतल्या रघ्याला हाक मारली.

तलासरीला ती जीपने आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. उभ्यानेच बोलली, आणि असं बोलली की मुरलेल्या वकिलाने ऐकत राहावं. कोतवाल दवंडी देत आला. विटांच्या घरात जाऊ नका म्हणाला. मी ऐकलं नाय, आत गेले. तो हुकमाचा माणूस, मला काढायला आला, भिंत पडली. साहेबांनी मान डोलावली, आणि मग जरा चाचरत ताडीचं विचारलं. मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता…

“सरकारी माणसाला ताडी कोण देल, साहेब? पाणी दिलं असंल. म्हातारी झाले, तवा चुकून बोलले.”

“आणि अर्जदाराशी नातं?”

लहान्या दाराशी काठीवर भार देऊन उभा होता. शुक्रीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“कोणी नाय,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर लहान्याने तिला नाक्यावर भजी खायला चल म्हटलं. ती म्हणाली, घरी कामं पडल्यात. झरीच्या जीपमध्ये ती पुढे बसली, तो मागे. भाडं तिने कनवटीतून काढून आपलं आपण दिलं. रागावली म्हणावं, तर तसंही नव्हतं. उतरताना नीट उतर म्हणाली.

काम झालं. उशीर लागला, पण झालं. कोतवालांत लहान्या पहिला ठरला, काकड्याने पेढे मागून घेतले, जिवलीने देवापुढे नारळ फोडला. ती खूश होती, आणि तिचं खूश होणं खोटं नव्हतं. पहिल्यांदाच म्हातारपणाची भीती घरातून जरा बाहेर जाऊन बसली होती. त्या पावसाळ्यात लावणीला शुक्रीच्या घरचं कोणी आलं नाही. जिवली म्हणाली, त्यांच्याकडेच माणूस कमी असेल, आणि मजूर लावून लावणी उरकली.

भात पिकलं. पाड्यांवर एकेका घरी नवं खायला सुरुवात झाली. शुक्रीच्या घरचा दिवस लहान्याला ठाऊक होता. सकाळीच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो दारात बसला. रघ्याची गाडी वळणावर वाजते का, म्हणून कान लावून बसला. जिवली दोनदा बाहेर डोकावून आत गेली. ऊन दारातून मागे सरकलं, तेव्हा लहान्याने काठी घेतली आणि तो चालत निघाला. बोलावणं विसरले असतील, असं त्याने वाटेत स्वतःला सांगून पाहिलं. स्वतःला तरी किती फसवायचं?

अंगण सारवलेलं होतं. आत पंगत बसली होती, नव्या भाताचा वास बाहेरपर्यंत येत होता. शुक्री दारात आली. त्याला पाहून ती चिडली नाही की ओशाळली नाही. मागे वळून तिने हाक मारली.

“रघ्या, कोतवाल आलेत. खुर्ची काढ.”

आलेत. लहान्याला इतक्या वर्षांत तिने कधी असं म्हटलं नव्हतं. रघ्याने खुर्ची आणली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. लहान्या ओट्याकडे, आपल्या जागेकडे वळला होता, तो थांबला आणि खुर्चीवर बसला. शुक्रीने स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं आणि चहा ठेवू का, असं विचारलं. तो म्हणाला, नको, असाच आलो होतो, इकडे एक नोटीस होती. ती म्हणाली, बरं. आतून कोणीतरी तिला जेवायला हाक मारली, तशी ती गेली.

खुर्ची चांगली होती. पाय ताणावा लागत नव्हता, ओट्याचा दगड पाठीला टोचत नव्हता. लहान्याने पाणी संपवलं, पेला खुर्चीच्या पायाशी ठेवला, आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून तो उठला. उठायला कोणाचा हात लागला नाही.