ब्रेकड्रमची भट्टी

कुवेतहून कायमचा परत आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत नुरुद्दीनने घरातला मिक्सर, शिवणयंत्र, फाटकाचं कुलूप आणि शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप अशा चार गोष्टी उघडल्या. त्यातल्या तीन आधी नीट चालत होत्या. एकतीस वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटरची नोकरी केलेल्या माणसाला सकाळी नऊला हातात पाना नसला की करमत नाही, हे त्याची बायको महेरुन्निसा समजून होती. तरीपण शिवणयंत्राचं तिने मनावर घेतलं होतं.

"अवो, एक काम करा," ती म्हणाली, "जे मोडलंय तेवढंच उघडा."

मोडलेली वस्तू दोन दिवसांनी आपल्या पायांनी दारात आली. श्रीवर्धनच्या उत्तरेला त्यांचं गाव, आणि गावाच्या खाली खडकाळ किनारा. तिथल्या खडकांना चिकटलेली कालवं काढून घरोघर विकणारी सोनाबाई नेहमीसारखी डबा घेऊन आली होती. पण डबा अर्धाच भरलेला होता, आणि तिच्या दुसऱ्या हातात कालवं उचकटायचं तिचं हत्यार होतं. वीतभर लांब, पुढे चोचीसारखं वाकलेलं. चोचीचं टोक उडालेलं.

"बापू लोहाराच्या हातचं व्हतं," ती म्हणाली. "बापू गेला, त्याची पोरं पुण्याला. बाजारातलं घेतलं त्ये दुसऱ्या दिवशी वाकलं. नुरूभाई, तुमी परदेशात लोखंडाचंच काम करायचात ना? बगा काय व्हतंय काय."

नुरुद्दीनने ते हत्यार उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर महिनाभरात न दिसलेलं तेज आलं. "व्हतंय की," तो म्हणाला.

त्याने टोकाला वेल्डिंग करून तुकडा जोडून दिला. तो त्याच दिवशी पहिल्या खडकावर गळून पडला. कालवांचा डबा त्या आठवड्यात आलाच नाही, आणि महेरुन्निसाने जेवताना दोनदा त्याची आठवण काढली.

"असं जोडून न्हाय चालायचं," नुरुद्दीन म्हणाला. "अख्खं घडवायला पायजे. त्याला भट्टी लागते."

"मग?"

"मग भट्टी करायची."

घडाईचं काम त्याने कधी केलेलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये सगळं यंत्रावर व्हायचं. पण मोबाईलवर दोन दिवस लोकांनी केलेल्या भट्ट्या बघितल्यावर त्याला वाटलं, यात अवघड ते काय. तो श्रीवर्धनला गुणाजीच्या गॅरेजवर गेला आणि मागच्या भंगारात तासभर उकरत बसला. ट्रकचा एक जुना ब्रेकड्रम मिळाला, हा भट्टीचा कुंड. मोडीत काढलेल्या जीपमधला हवेचा छोटा ब्लोअर मिळाला, हा भाता. टेम्पोच्या चाकावरच्या कमान-स्प्रिंगचा तुटका पाटा मिळाला, हे हत्याराचं लोखंड. गुणाजी पैसे घेईना. "भाभींच्या नानखटाया पाठवा डबाभर," एवढंच म्हणाला. महेरुन्निसाच्या नानखटाया गावात ईदेला आणि दिवाळीला, दोन्ही वेळा मागणीत असत.

वारा खालून आत सोडायला त्याने लोखंडी पाइप बसवला. घरात पाण्याचा एक उरलेला पाइप होता, पण त्यावर जस्ताचा मुलामा होता आणि जस्त तापलं की त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो, हे फिटरला सांगावं लागत नाही. त्याने साधा काळा पाइपच शोधून आणला. ऐरण म्हणून बोटीच्या इंजिनाचं फ्लायव्हील, एक जाड लोखंडी चाक, तेही वादळात पडलेल्या माडाच्या बुंध्यावर आडवं ठेवलेलं. ड्रमला आतून शेतातली चिकणमाती, राख आणि भाताचं तूस कालवून लिंपण दिलं. कोळशासाठी करवंट्या जाळून ठेवल्या. वाडीत त्यांचा ढीगच होता.

लिंपण चार दिवस वाळवायला हवं होतं. तो एकच दिवस थांबला.

भट्टी पेटवल्यावर दहा मिनिटांत ओल्या मातीचे ढलपे फटाफट उडायला लागले. त्याने घाबरून ब्लोअर बंद करायच्या ऐवजी पूर्ण चालू केला. ड्रममधून ठिणग्यांचं कारंजं उठलं आणि वाऱ्याबरोबर थेट दोरीवरच्या कपड्यांकडे गेलं. महेरुन्निसा बाहेर आली तेव्हा तिच्या हिरव्या ओढणीला सात भोकं पडली होती. तिने ती एकेक करून मोजली.

"कालवं नको मला," ती म्हणाली, "पण ही भट्टी फाटकाच्या त्या बाजूला न्या."

त्याने भट्टी माडांमागच्या जुन्या गोठ्याच्या पडवीत नेली. नवं लिंपण घातलं, या वेळी पाच दिवस सुकू दिलं, आणि हवा कमीजास्त करायला पाइपवर पत्र्याची झडप बसवली. मग मात्र निखारा छान, शांत लाल झाला. त्यात पाट्याचा तुकडा तापवून तो ठोकत राहिला. पहिल्या दिवशी जे तयार झालं ते चमच्यासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मात्र चोच जमली. त्याने ती पुन्हा लाल केली आणि ऐटीत पाण्याच्या बादलीत बुडवली.

टिंग!

मधोमध आरपार तडा.

दुसरी त्याने पाण्याऐवजी तेलात बुडवली. तडा गेला नाही. कानस घासली तर घसरून जात होती, इतकी चोच कडक झाली होती. नुरुद्दीन खूश होऊन ती घेऊन खाली खडकावर गेला, आणि एकाच घावात तिचं टोक काचेसारखं फुटून समुद्रात पडलं.

तो परत आला आणि पडवीत पाय पसरून बसला. चहा निवून गेला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"एकतीस वर्षं काय केलं म्या तिकडं?" तो म्हणाला. "एक चोच जमेना."

महेरुन्निसा त्याच्याजवळ बसली. तिने तो फुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. "लई कडक झालंय. कडक झालं की तुटतं. माझ्या नानखटाया पयल्यांदा अशाच व्हायच्या. आच जोराची दिली की वरनं कडक, दाताखाली फुटायच्या. मग मंद आचेवर सावकाश ठेवायला शिकली. तुमच्या लोखंडाला मंद आच देत न्हाईत का कोन?"

नुरुद्दीनला एकदम आठवलं. वर्कशॉपमध्ये कडक केलेले भाग शेवटी एका वेगळ्या खोलीत जायचे आणि तिथल्या मोठ्या ओव्हनमधून सोनेरी होऊन बाहेर यायचे. ते काम दुसऱ्या माणसांचं, म्हणून त्याने त्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

"मेहरू," तो म्हणाला, "तुझा ओव्हन देशील?"

"तेलकट लोखंड माझ्या ओव्हनमध्ये?"

"घासून देतो. आरशासारखं करून देतो."

त्याने तिसरी चोच घडवली, तेलात विझवली, साबणाने धुतली आणि पॉलिशपेपरने एवढी घासली की तिच्यात महेरुन्निसाने आपलं नाक बघितलं. मग ती ओव्हनमध्ये गेली. तो कुवेतहून त्यानेच आणलेला होता. काचेपुढे दोघं स्टुलांवर बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग चकचकीत लोखंडावर हलकी पिवळी झाक आली.

"काढू?" नुरुद्दीन उठला.

"बसा. ही कच्ची हाय अजून."

पिवळी झाक गडद झाली, मधासारखी झाली, आणि कडेने तांबूस चढायला लागली.

"आता," महेरुन्निसा म्हणाली. "नानखटाईच्या बुडाला हाच रंग येतो तवा मी काढते."

अमावास्येला मोठी ओहोटी होती. सकाळी सहाच्या सुमाराला खडक चांगले लांबवर उघडे पडले. मूठ बसवलेली चोच नुरुद्दीनने सोनाबाईच्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याला बघवत नव्हतं. पहिला घाव ऐकू आला. दुसरा. मग सोनाबाईचे घाव एका लयीत पडायला लागले, आणि डब्यात कालवं पडल्याचा आवाज यायला लागला.

"नुरूभाई, इकडं बगा की!" ती ओरडली. "टोक जागच्या जागी हाय. बापूच्यापेक्षा हलकी हाय ही, हात न्हाय दुखत."

"मधासारखा रंग आला का बघून काढलीय," तो महेरुन्निसाकडे बोट दाखवून म्हणाला. "ते काम हिचं. मला न्हाय कळत."

सोनाबाईबरोबरच्या तिघी बायका हातातलं काम टाकून जवळ आल्या. चोच एकीच्या हातातून दुसरीकडे गेली. एकीने ती बोटाने वाजवून पाहिली. तिघींनीही आपापली जुनी हत्यारं आणायचं ठरवलं. त्यातली एक तर नवऱ्याचा कोयताही घेऊन येणार होती. महेरुन्निसा साडी खोचून खडकावर उतरली होती. गेल्या पंधरा वर्षांत ती तिथपर्यंत आली नव्हती. सोनाबाईने एक टपोरं कालव फोडून तिच्या हातावर ठेवलं आणि तिने ते तिथेच, खारं पाणी लागलेलंच, तोंडात टाकलं.

त्यानंतरच्या रविवारी नुरुद्दीन पडवीत पोचला तेव्हा भट्टी आधीच पेटलेली होती. महेरुन्निसा केस बांधून, जाड सुती साडी नेसून, सांडशीत एक सळी धरून उभी होती.

"काय करतेस?"

"आकडा. मिरच्यांची माळ लटकवायला."

तिने सळी ऐरणीवर ठेवली आणि हातोडा मारला. तो तिरका बसला. नुरुद्दीनने झडप थोडी खाली करून हवा कमी केली. दुसरा घाव बरोबर पडला. दुपारपर्यंत एक आकडा तयार झाला. तो डावीकडे जरा जास्तच वळला होता, पण माळ त्याला अगदी घट्ट बसली.