सहा मोहांखालचा भविष्यकाळ

पहाटे पाचला अंजनाबाई आणि त्यांची लेक नूतन बांबूच्या टोपल्या घेऊन बांधावर पोचल्या. घरच्या वाट्याचे सहा मोह तिथे ओळीने उभे होते. बुंध्याखालची जागा आदल्या संध्याकाळी झाडून ठेवलेली. तिच्यावर फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. वाकायचे, वेचायचे, आणि वेचताना तोंड चालू ठेवायचे. ताडोबाच्या कडेच्या या गावात मोह गप्प राहून कोणी वेचत नाही; जनावराला माणसाची चाहूल लागलेली बरी.

नूतनचे तोंड त्या दिवशी स्पॅनिशमध्ये चालू होते. पहिल्या मोहाखाली ‘मी’, दुसऱ्याखाली ‘तू’, चौथ्याखाली ‘आम्ही’, सहाव्याखाली ‘ते’. आब्लारे, आब्लारास, आब्लारा... बोलेन, बोलशील, बोलेल. वर्तमानकाळाने तिला महिनाभर छळले होते. क्रियापदांच्या तीन जाती आणि तिघींचे नखरे निराळे. भविष्यकाळात मात्र मूळ शब्दाला धक्काही लावायचा नाही, आणि तिन्ही जातींना शेपट्या त्याच सहा! मोबाइलवरच्या कालच्या धड्यात हे उमगल्यापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“काय वं, काय मंतर म्हणून राह्यली?” अंजनाबाईंनी विचारले.

“भविष्यकाळ, माय. जेवेन, जेवशील, जेवेल.”

“मंग जोरानं म्हण. इथी आपल्याले जेवणारा बी फिरते.”

नूतन इतकी हसली की टोपलीतली मूठभर फुले सांडली.

दुपारी अडीचला ती खाकी गणवेशात जंगलाच्या गेटवर हजर झाली. गाइडांच्या पाळ्या लावणारे मुखरूभाऊ वही घेऊन बसले होते.

“नूतन, ते स्पेनवाले नवरा-बायको तुह्या जिप्सीत. पुढच्या हप्त्यात त्यायचे बारा जण येऊन राह्यले. यायनं तुलेच मागतलं, तं चार दिवस तूच. नाई तं ते काम नंबरानं दुसऱ्याले जाईल.”

“हो, भाऊ!”

“अन् ध्यानात ठेव, ‘दिसंल’ म्हणाचं नाई. कोन्याच भाषेत नाई.”

गेटवरचा हा जुना रिवाज. वाघाचा वायदा करणाऱ्याच्या वाट्याला धूळच येते, असे सगळे मानत. नूतनने मराठी-हिंदीत दोन वर्षे तो निष्ठेने पाळला होता.

उघडी जिप्सी गाडी सागाच्या रानात शिरली. पिलार नावाच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाई मागच्या सीटवरून पुढे झुकल्या आणि त्यांनी विचारले, “बेरेमोस उन तीग्रे?” आपण वाघ पाहू का?

नूतनला समजले होते! शब्दन् शब्द समजला होता! ती मनाने धावत चौथ्या मोहाखाली जाऊन उभी राहिली. ‘हो, बेरेमोस’ एवढेच म्हणायचे होते. बाई खूश झाल्या असत्या, चार दिवस तिचे झाले असते. शब्द जिभेच्या टोकावर आला.

तिने तो गिळला.

“एस्पेरारेमोस,” ती म्हणाली. वाट पाहू. मग सावकाश, “एस्कुचारेमोस.” ऐकू.

पिलारबाईंनी भुवया उंचावल्या. आपल्या भाषेत आलेले हे उत्तर त्यांना अपुरे वाटले असावे.

पाणवठ्यावर पाऊण तास गेला. एक मोर पाणी पिऊन गेला. इतक्यात तीन जिप्स्या धुरळा उडवत पुढे निघाल्या.

“म्याडम, तलावाच्या रस्त्यावर वाघ निघाला म्हणते,” ड्रायव्हर बिरजू नूतनकडे वळून कुजबुजला. “पयलेच सगळे पळून राह्यले. आपण काऊन बसलो?”

पलीकडच्या बांबूतून चितळाची एक तीक्ष्ण हाक आली, वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावर देतात तशी. एकच. तेवढ्यावरून वायदा करता येत नाही, हे नूतनला ठाऊक होते. पण ऐकू, असे ती म्हणाली होती.

बिरजूचा हात चावीकडे गेला. नूतनने त्याच्या मनगटावर अलगद बोटे ठेवली आणि मान हलवली.

मागे पिलारबाईंनी कॅमेरा मांडीवर उतरवला. “एस्कुचारेमोस,” त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या.

नूतनने चावी काढून आपल्या खिशात टाकली आणि बांबूकडे कान लावला.