बुटक्यांचं दुसरं झाड

नेव्हिल टॅन्सलीने बुटक्यांचा संघ घेतला, तेव्हा माडीवरच्या सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. नॉटिंगहॅममधल्या एका पबच्या माडीवर दर मंगळवारी संध्याकाळी टेबलं मांडली जातात आणि बोटाएवढ्या रंगीत बाहुल्यांचा धसमुसळा फुटबॉल चालतो. राक्षस घ्या, भुतं घ्या, उंदीरतोंडे घ्या, ज्याची त्याची आवड. बुटके मात्र कोणी शहाणा माणूस घेत नाही. सुटलेली पोटं, आखूड पाय, फुंकर मारली तर आडवे. आणि या खेळात मेलेली बाहुली मेलीच. पुढच्या सामन्याला ती परत उभी राहत नाही.

पण नेव्हिलचं आयुष्य बस चालवण्यात गेलेलं. पळत येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तो बस थांबवून ठेवायचा आणि साहेबाची बोलणी खायचा. त्याला पहिल्यापासून मागे राहणाऱ्यांचाच कळवळा. "राक्षस घेऊन कोणीही जिंकेल रे," तो म्हणायचा, "त्यात कसली मर्दुमकी?"

ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने संघ बांधला. प्रत्येकाला खोट्या मोहरांची सारखीच थैली मिळते. तिच्यात खेळाडू बसवायचे. बुटके स्वस्त, त्यामुळे हातात थोडं उरतं, आणि सगळी गोम त्या उरलेल्यात असते. बुटक्यांच्या बाजूने चालती झाडं खेळतात. एक झाड तर सगळेच घेतात. उरलेल्यातून दुसरं झाड घ्यायचं, की दोन-तीन जादा बुटके आणि पडलेल्याला उठवणारा एक डॉक्टर?

त्याची बायको लिनेट समोर बसून बटाटे सोलत होती. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत मात्र तयार होतं.

"डॉक्टर घे की."

"अगं, डॉक्टर काय करतो? माणूस पडल्यावर धावतो. झाड पुढं उभं असलं तर माणूस पडतच नाही."

"सगळेच पडतात, नेव्हिल. एक झाड पुरे. डॉक्टर घे."

"तू बटाटे बघ," तो म्हणाला आणि त्याने दुसरं झाड घेतलं. दोन झाडं, दहा बुटके. अकरा मैदानात, एक बाकावर, डॉक्टर नाही.

माडीवरचा एक रिवाज होता. दुबळा संघ घेणाऱ्याने बाहुल्यांना घरच्या-दारच्यांची नावं द्यायची. नाहीतर माणूस त्यांना चुरमुऱ्यांसारखा उधळतो. नाव दिलं की हात आखडतो. नेव्हिलने मेहुणीचं नाव दिलं, शेजारच्या मिसेस पॉटरचं दिलं, तिच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याचंही दिलं. आणि हिरवा स्वेटर रंगवलेल्या एका बाहुलीला नाव दिलं लिनेट.

"एवढी जाडी आहे होय मी?" लिनेट हसत म्हणाली होती.

"बुटक्यांत तूच सगळ्यात सडपातळ आहेस, राणी."

एकदा नाव नोंदलं की बदलता येत नाही. तेव्हा बदलायचं कारणही नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये लिनेटला जिना चढताना धाप लागायला लागली. इस्पितळात नळ्या, तारा, फोटो झाले आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. झडप बिघडली होती. छाती उघडून बदलावी लागणार होती. "बहुतेक सगळे पेशंट ठणठणीत होतात," बाई म्हणाल्या. नेव्हिलच्या कानात तेवढं 'बहुतेक' अडकून बसलं. पायाखालची जमीन सरकली होती, आणि तो चित्राकडे बघत मान डोलवत होता.

त्या दिवसापासून त्याने घरात थट्टेचा सपाटा लावला. नवी झडप डुकराची असते म्हणून तो तिला बेकनच्या दुकानावरून चिडवायचा. ती हसायची. रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून पडायची आणि झोपेचं सोंग घ्यायची. भीतीचं नाव कोणी काढत नव्हतं. घरात कोणी घाबरलं तर निदान दुसऱ्याने तरी धीट असावं, अशी दोघांचीही समजूत, आणि दोघंही धीट झाल्यामुळे बोलायला कोणी उरलंच नाही.

माडीवर मात्र नेव्हिलने हिरव्या स्वेटरवाल्या बाहुलीला बाकावर बसवलं, ते कायमचं. मनात म्हणायचा, खुळ्यासारखं करतोय मी, लाकडाच्या फाशांना कोणाचं काय कळणार! पण तिला मैदानात न्यायला हात धजत नव्हता. सामना सरला की बाहुली रुमालात गुंडाळून छातीवरच्या खिशात ठेवायचा.

आणि मग एका मंगळवारी उंदीरतोंड्यांनी बिस्किटला तुडवून मारलं. रिवाजाप्रमाणे टोप्या उतरल्या, नाव पुकारलं गेलं, बाहुली टॉफीच्या जुन्या डब्यात गेली. लोक हसत होते. नेव्हिलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता उरले होते बरोबर अकरा. बाकावर बसवायला कोणी नव्हतं, आणि पुढचा सामना ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी होता.

"मी नाही जात आज," त्या संध्याकाळी तो म्हणाला.

"जातोस म्हणजे जातोसच," लिनेट म्हणाली. "इथं येरझारा घालून माझा जीव खाशील. मीच येते बरोबर. मध्यरात्रीनंतर पोटात काही घ्यायचं नाही म्हणालेत, तर आत्ता वाटाणे तरी खाऊन घेऊ दे."

म्हणून ती आली. खिडकीशी बसून मऊ शिजवलेल्या वाटाण्यांवर पुदिन्याची चटणी ओतून घेत होती, आणि नेव्हिल स्पर्धेचं सगळं बघणाऱ्या रोझलिनबाईंना कोपऱ्यात गाठत होता. रोझलिनबाई पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. दोनशे पोरांना एका पळीने धाकात ठेवलेली बाई.

"रोझलिन, दहा जणांनी खेळलो तर चालेल?"

"का? कोण जखमी आहे?"

"जखमी कोणी नाही. असंच."

"असंच म्हणजे? अकरा धडधाकट असताना दहा उतरवायचे? नियम म्हणजे नियम, राजा. खेळायचं नसेल तर कारण सांग, मी लिहून घेते."

कारण जिभेच्या टोकावर होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. लिनेट ब्रेडने वाटी पुसत होती. "नाही, खेळतो," तो म्हणाला.

समोर क्लाइव्ह होता. क्लाइव्ह खाटीक, मनाने लोण्याचा, पण टेबलापाशी उभा राहिला की त्याच्या अंगात येतं. त्याचे राक्षस हिरवेगार, चकचकीत, दातांना रक्ताचा लाल रंग. नेव्हिलने रुमाल सोडला आणि हिरवा स्वेटर अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवला. तिच्यापुढे दुसरं झाड उभं केलं, भिंतीसारखं. याच्यासाठीच तर घेतलं होतं ते.

"काय रे, कोपऱ्यात काय लपवलंस? चांदी?" क्लाइव्ह म्हणाला.

"फासे टाक."

पहिला अर्धा भाग निभावला. पहिल्या झाडाने मेहुणीला चेंडूसकट उचलून लांब फेकलं आणि ती नेमकी गोलरेषेपलीकडे पडली, तेव्हा माडी दणाणली. लिनेटनेही टाळ्या वाजवल्या. नेव्हिलचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याला जिंकायचं नव्हतं. त्याला फक्त हा सामना संपायला हवा होता.

झाडांची एक खोड असते. हलवायच्या आधी फासा टाकावा लागतो, आणि एक पडला तर झाड जागच्या जागी मूळ धरतं. ते मग हलत नाही. राक्षस कडेने घुसायला लागले तसं नेव्हिलला भिंत सरकवून मधे आणायची होती. त्याने फासा टाकला. एक पडला.

"धरलंन् मूळ!" कोणीतरी ओरडलं.

झाड तिथेच राहिलं, आणि बाजूची वाट उघडी पडली. क्लाइव्हने मान वाकडी करून टेबलाच्या कडेला डोळे लावले.

"अरेच्चा! ही कोण ठमाबाई? एवढा वेळ दिसलीच नाही मला."

"तिला सोड, क्लाइव्ह. चेंडू तिकडे आहे."

"चेंडू कोणाला पाहिजे?" क्लाइव्ह हात चोळत म्हणाला, आणि सगळे हसले. त्याचं काय चुकलं? बुटका सापडला की तुडवायचा, हा त्याचा धर्मच. त्याचा सगळ्यात मोठा राक्षस झाडाला वळसा घालून गेला. फासे खळखळले. बाहुली आडवी झाली. पुन्हा खळखळले. चिलखत फुटलं. नेव्हिलने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. नको रे देवा, ही नको, दुसरी कुठलीही घे, झाडं घे दोन्ही. तिसऱ्यांदा फासे पडले.

"मेली," क्लाइव्ह म्हणाला. "डॉक्टर आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"का रे?"

"दुसरं झाड घेतलं मी," नेव्हिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले.

रोझलिनबाईंनी घंटा वाजवली. खुर्च्या सरकल्या, टोप्या उतरल्या, ग्लास उचलले गेले. टॉफीचा डबा उघडा होऊन टेबलावर आला.

"आपल्यातलं एक गेलं," रोझलिनबाई म्हणाल्या. "नाव सांग, नेव्हिल."

नेव्हिल उभा राहिला. सगळे ग्लास धरून थांबले होते. त्याने नाव घेतलं की ती तीसजणं तेच नाव मोठ्याने घेणार, आणि झाकण लागणार.

"बोल की रे," क्लाइव्ह म्हणाला. "सासूबाई आहेत का?"

"मी नाही सांगणार नाव."

"रिवाज आहे, राजा," रोझलिनबाई म्हणाल्या.

"चुलीत गेला तुमचा रिवाज!" नेव्हिल ओरडला. त्याला कोणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "उद्या सकाळी तिची छाती उघडणार आहेत. माझी पाचावर धारण बसलीय. झोप नाही मला. मी एकटा घरी परत येईन आणि तिचा कोट खुंटीला असेल, एवढंच दिसतं डोळ्यांपुढं. आणि तुम्ही मला तिचं नाव घ्यायला सांगताय!"

क्लाइव्हचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने आपल्या बाजूची, पांढरा डगला घातलेली बाहुली उचलून नेव्हिलपुढे सरकवली. "माझा डॉक्टर घे," तो पुटपुटला. "मला काय माहीत, बाबा. घे. नियमात नसला तरी घे."

खिडकीपाशी खुर्ची वाजली. लिनेट टेबलापर्यंत आली, सावकाश, एकेका खुर्चीच्या पाठीला धरत. धाप बसेपर्यंत ती टेबलाला टेकून उभी राहिली.

"एवढं बोलायला तुला राक्षस लागला होय रे?" ती म्हणाली.

"लिन, मी..."

"डुकराच्या झडपेचे विनोद करतोस रोज. मला वाटलं, याला काहीच वाटत नाही. रोज रात्री भिंतीकडे तोंड करून रडतेय मी, तुला ऐकू जाऊ नये म्हणून उशी चावून. मी एकटीच भित्री आहे असं वाटायचं मला."

"मी जागाच असायचो."

"मेल्या, मग वळायचं होतंस की!"

ती रडत होती, तोही रडत होता, आणि माडीवरची ती बाप्ये माणसं टोप्या हातात धरून आपापल्या बुटांकडे बघत होती. लिनेटने आडवी पडलेली बाहुली उचलली आणि बोटाने तिचा स्वेटर पुसला. क्लाइव्हचा डॉक्टर त्याच्या हातात परत ठेवला. "हा राहू दे तुमच्याकडे. माझा उद्याचा आहे," ती म्हणाली. मग रोझलिनबाईंकडे वळली. "आणि ही काही तुमच्या डब्यात जायची नाही."

दोनशे पोरांना धाकात ठेवलेल्या रोझलिनबाईंनी डब्याचं झाकण मुकाट्याने लावलं.

त्या रात्री ती दोघं एकमेकांकडे तोंड करून पडली. झोप तेव्हाही आली नाही, पण भीती दोघांत वाटली गेली होती.

सकाळी इस्पितळात नर्सने लिनेटची अंगठी काढून घेतली, चष्मा काढून घेतला. उजव्या मुठीत काय आहे म्हणून विचारलं. लिनेटने मूठ नेव्हिलच्या तळहातावर उघडली. बाहुली घामाने ओली झाली होती.

"सांभाळ हिला. आणि बसल्या बसल्या संघ नीट बांध. आधी डॉक्टर घ्यायचा. झाडाचं नंतर बघू."

"लिन, मला भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली, आणि खाट दारातून आत गेली.

तो पॅसेजमधल्या खुर्चीवर बसला. चहा आला, निवला, दुसरा आला. चाकं वाजली की तो उठायचा, आणि दुसरंच कोणी असायचं. कोणाची तरी सून मोठ्याने रडत बाहेर आली तेव्हा त्याने कान झाकून घेतले. मूठ इतकी घट्ट धरली होती की बाहुलीचा पाय तळव्यात रुतला. संघ बांधायचं काही त्याला सुचलं नाही. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, सगळेच पडतात, नेव्हिल.

दिवे लागायच्या सुमारास त्याला आत बोलावलं. इतक्या नळ्यांत ती केवढीशी दिसत होती, बुटक्यांहून बुटकी. ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. तो वाकला. बराच वेळ काही झालं नाही. मग पापण्या हलल्या आणि आतून कुठून तरी खरखरीत आवाज आला.

"डॉक्टर घेतलास?"

"घेतला," नेव्हिल म्हणाला. "झाड काढून टाकलं, राणी. आधी डॉक्टर घेतला."